डबीवरचा आकडा आणि पुंगळीतला हिशेब

शिकारीच्या रायफलीसाठी काडतूस कोणतं घ्यावं, असं चार शिकाऱ्यांना विचारून बघा. उत्तरांतून जनावराबद्दल फारसं कळत नाही, उत्तर देणाऱ्याचं वय मात्र कळतं. पिकल्या मिशांचा गडी ‘थर्टी-ऑट-सिक्स’, म्हणजे .३०-०६, म्हणतो आणि विषय संपला अशा चेहऱ्यानं बघतो. त्याच्याहून धाकटा .२७० विंचेस्टरवर अडून बसतो. पंचविशीतल्याला ६.५ क्रीडमूरपुढे काही दिसत नाही. आणि एक कुणीतरी असतोच, ज्याला यातलं काहीच पुरत नाही. समोर ससा असला तरी त्याला मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, हवं असतं.

या वादात मीही भरपूर वेळ घालवला आहे, आणि मजेत घालवला आहे. पण काडतुसं विकत घेणं कमी करून स्वतः भरायला लागलो तसा माझा सूर उतरत गेला. आधी मी वेग वाढवायला बसत असे, आता बहुतेक वेळा कमी करायला बसतो. हे वयानं झालं म्हणावं, तर माझ्याहून थोर माणसं अजून मॅग्नमच्याच मागे आहेत. दोष मी काडतुसाच्या पितळी पुंगळीला देतो, जिच्यात दारू भरतात आणि तोंडाशी गोळी बसवतात.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू, कारण नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच गटांगळी खातो. .३०-०६ म्हणजे ०.३० इंचाची नळी आणि १९०६ साल. त्या वर्षी अमेरिकी लष्करानं हे काडतूस स्वीकारलं. हे समजलं म्हणून .३०-३० मधला दुसरा आकडा साल समजायला जावं, तर ते असतं ३० ग्रेन दारूचं वजन (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग). .४५-७० मधले ७० सुद्धा दारूचेच, पण ती काळी दारू, १८७३ सालची. .२५०-३००० सॅव्हेजमधले ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट हा वेग. १९१५ साली तो आकडा जाहिरातीत मिरवता यावा म्हणून गोळी मुद्दाम हलकी, ८७ ग्रेनची ठेवली होती. आणि .२२-२५० मधले २५० हे कशाचंच माप नाही. ज्या काडतुसाची मान, म्हणजे पुंगळीचं गोळी धरणारं तोंड, आवळून हे नवं बनवलं, त्या बापाचं ते नाव आहे.

बरं, पहिला आकडा तरी खरा असावा! .२७० ची गोळी मोजली तर ०.२७७ इंच भरते. .३०३ ची ०.३११ च्या आसपास जाते. .३०८ ची मात्र नावाला जागून ०.३०८ असते. नळीत आतून गोळीला फिरकी देणारे पीळदार आटे असतात, ते उंच-सखल. कुणी नळीचा व्यास आट्यांच्या माथ्यावर मोजला, कुणी त्यांच्यामधल्या खोबणीच्या तळाशी, आणि ज्यानं जे मोजलं तेच नाव म्हणून चिकटलं. हे नुसतं गमतीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच पुंगळीपासून बनवलेलं असल्यामुळे त्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि कधीकधी .२२३ च्या रायफलीच्या चेंबरमध्येही, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेतही, शिरतं. पुढे नळी ०.२२४ इंचाची आणि गोळी ०.३०८ ची. चाप ओढल्यावर रायफल फुटते. असं झालेलं आहे, एकदाच नव्हे.

नावांमागे घराणी आहेत, ती कळली की वादातली निम्मी हवा जाते. .३०-०६ ची मान आवळली की १९२५ चं .२७० होतं, पुढे १९५७ मध्ये .२८० रेमिंग्टन आलं, तेही त्याच पुंगळीचं. १९५२ च्या .३०८ विंचेस्टरची मान आवळून १९५५ मध्ये .२४३ काढलं, आणि आणखी आवळा-उघडा करत ७ एमएम-०८ वगैरे मंडळी निघाली. एका आजोबाची नातवंडं आपसांत भांडत असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही विविधता! खरोखर वेगळं असं काही अधूनमधूनच होतं. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येल यांनी धूर न करणारी दारू तयार केली आणि दोन वर्षांत लेबेल रायफल आली, तेव्हा ते झालं. त्याआधी जोर वाढवायचा तर गोळी जाड करायची आणि दारू जास्त भरायची, हाच एक रस्ता होता. नव्या दारूनं अरुंद, लांब गोळी शक्य केली. १८९० च्या दशकात ७×५७ माउझर आणि ६.५×५५ ही काडतुसं आली आणि खरं सांगायचं तर हरणापासून मूसपर्यंतचा प्रश्न तिथेच सुटला होता. स्कँडिनेव्हियात मूससारख्या धिप्पाड जनावरावर ते ६.५×५५ आजही चालतं. आपण १३० वर्षं त्या उत्तराला पॉलिश करत बसलो आहोत.

आता ऊर्जेचे तक्ते. .३०-०६ ची १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास निघते. तिची ऊर्जा भरते ३,९०० ज्यूलच्या पुढे. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी २,६०० च्या घरात. .३०० विंचेस्टर मॅग्नम ४,७०० गाठते. डबीवर छापलेले हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की जितकं जास्त तितकं बरं. पण ऊर्जा म्हणजे गोळीपाशी असलेली शिल्लक. ती कुठे खर्च होणार, हे तक्त्यात नसतं. फुप्फुसातून गेलेली .२४३ जनावराला पन्नास पावलांत पाडते. आतड्यातून गेलेलं मॅग्नम त्याला रात्रभर तडफडवतं, आणि शिकारी दुसऱ्या दिवशी रक्ताचे ठिपके शोधत फिरतो.

मॅग्नमवाल्यांचं आवडतं उत्तर म्हणजे सपाट मार्ग. गोळी वेगात गेली की खाली कमी येते, हे खरंच आहे. पण किती कमी? दोन्ही रायफली २०० यार्डांवर नेम बसवून घेतल्या आणि एकाच जातीची गोळी घेतली, तर ३०० यार्डांवर .३०-०६ ची गोळी वीसेक सेंटीमीटर खाली येते आणि .३०० मॅग्नमची त्याच्याहून जेमतेम चार-पाच सेंटीमीटर कमी. तेवढ्यासाठी खांद्याला बसणारा धक्का पाव हिश्शाहून जास्त वाढतो. त्याच अंतरावर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला पंधरा-वीस सेंटीमीटर बाजूला नेतो. वारा मोजायला यंत्रं मिळतात, पण ती आपल्या हातातला वारा मोजतात. जनावरापाशी तो कसा वाहतोय हे गवताकडे बघूनच ठरवायचं असतं. शिवाय गोळीला तीनशे मीटर जायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. चरणारं जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकतं. तुमचा नेम अचूक, काडतूस जोरदार, आणि खांद्यामागे टेकवलेला ठिपका आता पोटावर.

धक्क्याबद्दल मर्दानी मौन पाळायची पद्धत आहे. ‘मला काही वाटत नाही,’ असं सगळेच सांगतात. त्यांना खोटं पाडायची एक साधी युक्ती आहे. सराव करताना दुसऱ्यानं रायफल भरून द्यायची, आणि खऱ्या काडतुसांमध्ये मधूनच एक डमी घालायचं. नेम धरणाऱ्याला ते माहीत नसतं. डमीवर चाप ओढला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी नळीचं टोक खाली डुचकी मारतं. धक्का आलेलाच नाही, पण अंगानं तो आधीच घेऊन टाकलेला असतो. डोळे मिटलेले, खांदा पुढे, ओठ आवळलेले. मी हे भल्याभल्यांचं बघितलं आहे. .२४३ चा धक्का .३०-०६ च्या जवळपास निम्मा असतो. तिच्या नळीचं टोक शांत राहतं, आणि एवढ्यासाठी मी कितीतरी ज्यूल सोडून द्यायला तयार आहे.

इथे कुणीतरी बेलचं नाव काढतोच. डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी. त्यानं आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे ७×५७ सारख्या लहानशा काडतुसानं. हेच काडतूस ब्रिटिश मंडळी .२७५ रिग्बी म्हणून ओळखतात. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती रायफलही याच काडतुसाची. मग हत्तीला सात मिलिमीटर पुरतं तर तुम्हाला मॅग्नम कशाला? हा युक्तिवाद मला सोयीचा आहे, तरी तो मला पटत नाही. बेलनं हत्तीची कवटी कापून आत मेंदू नेमका कुठे आहे याचा अभ्यास केला होता, न फुलणाऱ्या घट्ट आवरणाच्या गोळ्या वापरल्या होत्या, आणि आयुष्य त्यातच घातलं होतं. त्याचं काडतूस आपल्याला दुकानात मिळेल, त्याची नजर मिळणार नाही. आज हत्ती मारण्याचं कौतुक करवत नाही, ते वेगळंच.

वादात ज्या गोष्टीला सगळ्यांत कमी वेळ मिळतो, ती म्हणजे खुद्द गोळी. सगळे पुंगळीच्या नावावर भांडतात. जनावरात शिरते ती गोळी. साधी शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ आवरणात शिसं. आदळल्यावर तिचं टोक फुलून छत्रीसारखं व्हावं आणि तरी ती आत खोल जावी, अशी परस्परविरोधी अपेक्षा तिच्याकडून असते. वेग जास्त आणि अंतर कमी असलं तर ती वरवरच फुटून तिचे तुकडे होतात. जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला हे १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कळलं. समोर चिखलानं माखलेला मूस, हातात .३०० मॅग्नम, आणि गोळ्या खांद्यातून आत जाईनात. घरी येऊन त्यानं गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढच्या कप्प्यातलं शिसं फुलतं, मागचा कप्पा शाबूत राहून पुढे घुसतो. ती ‘पार्टिशन’ गोळी १९४८ पासून विकली जाते आहे. बघण्यासारखं हे की त्याच्या हातातलं काडतूस कमी जोराचं नव्हतंच; उलट तो जोरच त्या गोळीला झेपला नव्हता.

आणि मग माणूस स्वतः भरायला लागतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे पैसे वाचवायला चाललंय. भरणाराही घरच्यांना तेच सांगतो. तसे पैसे वाचत नाहीत, कारण वाचलेल्यांचे पुन्हा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बारक्या टोप्या, होतात. खरी ओढ निराळी आहे. विकतच्या काडतुसात चार वस्तू असतात, पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी, आणि चारही दुसऱ्यानं निवडलेल्या असतात. भरायला बसलं की चारांचाही जाब आपल्याला द्यावा लागतो. ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक शिकारी दर बाराला हेच करत होता. धातूच्या पुंगळीनं ते काम कारखान्यात नेलं, आणि मग लोकांनी ते परत घरी आणलं. अमेरिकी माळरानांवर रानगव्यांची कत्तल चालली होती तेव्हा तिथले शिकारी रात्री शेकोटीशी बसून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत.

ही पुंगळी पुन्हा भरता येणं हा एका छोट्याशा भोकाचा प्रताप आहे. प्रायमर बसवण्याच्या दोन पद्धती १८६० च्या दशकात निघाल्या. एक हायरम बर्डन या अमेरिकी माणसाची, दुसरी एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. बर्डनच्या पद्धतीत ऐरण, म्हणजे प्रायमरमधला मसाला ज्याच्यावर चेपून पेटतो तो उंचवटा, पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण प्रायमरच्या आत, म्हणून पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक. वरून सुई घातली की जळका प्रायमर खाली टपकन पडतो. अमेरिकी माणसाची युक्ती युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत, म्हणून घरी काडतुसं भरण्याचा नाद अमेरिकेत इतका फोफावला. बर्डनच्या पुंगळ्याही भरता येतात, पाण्याच्या दाबानं प्रायमर उडवून वगैरे, पण तो ज्याच्यापाशी रिकामपण आहे त्याचा उद्योग.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडतो तेव्हा आत दाब चढतो. .३०-०६ साठी अमेरिकेतल्या मानकात त्याची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. त्या दाबानं पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागे वायू येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणून बाहेर निघते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. नुसतं पोलाद घेऊन बंदूकवाल्यांचं भागलं नसतं. हे फुगणं आणि सोडणं पितळाला फार छान जमतं.

पण दर वेळी ती जराशी ताणली जाते. डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून तिला पुन्हा मापावर आणायचं, तर तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जाऊ शकतो. मग पुढच्या बाराला ती तेवढी पुन्हा पुढे ताणते. ताण सगळा एकाच जागी येतो, बुडाच्या जरा वर. तिथली भिंत आतून झिजत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, फार तर एक फिकट चकचकीत कडं. ते ओळखायला महागडं काही लागत नाही. पेपरक्लिप सरळ करायची, तिचं टोक जेमतेम काटकोनात वाकवायचं, ते पुंगळीत बुडापर्यंत घालायचं आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढायचं. चांगल्या पुंगळीत टोक गुळगुळीत वर येतं. झिजलेलीत ते एका खाचेत अडखळतं, किंचितसं, नखाला जाणवेल एवढंच. तशी पुंगळी पकडीनं चेपून टाकायची, म्हणजे ती चुकून पुन्हा ढिगात जात नाही. न चेपता बाजूला ठेवलेली पुंगळी कधीतरी परत येतेच. पुढच्या बाराला तिचं बूड तुटून निघतं आणि उरलेलं नळकांडं चेंबरमध्ये राहतं. नशीब खोटं असेल तर तापलेला वायू तोंडावर येतो.

मानेची कथा उलटी. दर वेळी आवळून-उघडून मानेचं पितळ कडक होत जातं आणि एक दिवस उभी चीर पडते. त्यावर उपाय म्हणजे मान तापवून मऊ करणं, फक्त मान. बूड तापलं आणि मऊ पडलं तर ती पुंगळी संपली, दिसायला कितीही छान असो.

पितळाच्या चिरण्याची एक जुनी हकिकत आहे, आणि ती भारतातली आहे. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि दारूगोळा तबेल्यांत साठवत. पाऊस सरल्यावर बघावं तर काडतुसांच्या पुंगळ्या चिरलेल्या, विशेषतः गोळीवर जिथे मान आवळलेली असते तिथे. कुणी हात लावला नाही, कुठे आदळलं नाही. ऋतूबरोबर येतं म्हणून इंग्रजीत त्या रोगाला ऋतूचंच नाव पडलं. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पितळ थंड असतानाच ओढून घडवल्यामुळे त्यात उरलेला ताण. तिन्ही जमले की पितळ आपोआप फाटतं. म्हणून आजही पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नये असं सांगतात. अक्रोडाच्या कवचाचा भुसा घालून फिरत्या पिंपात घोळवल्या तरी त्या पुरेशा लखलखतात. लखलखाट जनावराला कळत नाही, पण घोळवून झालेल्या गरम पुंगळ्या चाळणीत ओतताना जो आवाज होतो तो मला आवडतो, एवढं कबूल करतो.

दारूच्या वजनाचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते छापील मॅन्युअलमधून घ्यायचे असतात, आणि त्या मॅन्युअलमधली गोळी, पुंगळी, प्रायमर यातलं काही बदललं तर पुन्हा खालून सुरुवात करायची असते. दिसायला दारूचे बरेच प्रकार एकसारखे, काळपट राखाडी दाणे. जळायला मात्र एक सावकाश आणि दुसरी झपाट्यानं. म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कपाट बंद. काम संपलं की मोजणीच्या यंत्रात उरलेली दारू लगेच मूळ डब्यात, उद्यासाठी तशीच ठेवायची नाही, कारण उद्या आपण काल काय भरलं होतं याबद्दल फार खात्रीनं बोलत असतो.

भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या असतात. गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत वरून डोकवायचं. सगळ्यांत दारूची पातळी एकसारखी दिसली पाहिजे. एखादीत ती वर असेल तर दोनदा भरली गेली. एखादीत काळोखच असेल तर दारूच पडली नाही. दुसरी चूक कमी धोक्याची वाटते, तशी ती नाही. दारू नसली तरी नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो, ती तिथे अडकते, आणि ‘आवाज कमी का आला’ असं म्हणत माणूस पुढचं काडतूस सरकवतो. ही तपासणी चालू असताना मी कुणाशी बोलत नाही, फोनही घेत नाही. घरात याला माझा शिष्टपणा समजतात.

वेग कमी करण्याची गोष्ट इथेच येते. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं वजन आणि कमाल वजन दिलेलं असतं. कमाल म्हणजे गाठायचं ठिकाण, असा नवख्याचा समज होतो. तो थोडी थोडी दारू वाढवत जातो आणि चिन्हं बघतो: प्रायमरच्या कडा सपाट झाल्या का, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उचलताना जड जातो का, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटला का. खरी गोम अशी की ही चिन्हं उशिरा येतात. ती दिसेपर्यंत दाब बराच वर गेलेला असतो. आणि थंड सकाळी बरी वागणारी दारू कडक उन्हात तापलेल्या काडतुसात तितकी सभ्य राहत नाही. एवढं करून शेवटच्या टप्प्यात हाती येतात सेकंदाला पंधरा-वीस मीटर. वर तीनशे यार्डांचा हिशेब मांडलाच आहे. हे पंधरा-वीस मीटर तिथे दिसणारही नाहीत. उलट कमालच्या बऱ्याच खाली अशी एखादी जागा सापडते की तिथे रायफल गोळ्या जवळजवळ टाकते, पुंगळ्या जास्त बार टिकतात आणि खांदाही कुरकुरत नाही. मी तिथे थांबतो. .३०-०६ अशी भरली की ती साधारण .३०८ होते, आणि मग .३०८ च का घेतली नाही, असं कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही.

गोळ्या ‘जवळजवळ’ पडण्याबद्दलही जरा जपून. तीन गोळ्यांचा गट एका नाण्याखाली झाकला म्हणून लोक तो कागद पाकिटात घालून फिरतात. त्याच काडतुसांचे आणखी तीन बार काढले तर गट दुप्पट होतो, आणि तो कागद मात्र पाकिटात जात नाही. निदान दहा बार काढल्याशिवाय मी भरणीबद्दल मत देत नाही. शिकारीसाठी तर पहिल्या, थंड नळीतून गेलेल्या गोळीलाच किंमत. ती कुठे पडते हे बघायचं तर एका दिवसात एकच बार काढता येतो, म्हणून ते कुणी करत नाही.

सध्या माझं डोकं खातंय ते तांबं. शिशाची गोळी जनावरात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर उडतात. डोळ्याला दिसत नाहीत, क्ष-किरणांत तारांगणासारखे दिसतात. रानात टाकून दिलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात, आणि ते शिसं त्यांच्या रक्तात जातं. कॅलिफोर्नियातले काँडोर, म्हणजे तिकडची मोठी गिधाडं, १९८२ साली उणेपुरे २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वाढवायला नेला. पुढे ते पुन्हा सोडले, तरी शिशाची विषबाधा सुटली नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. जुने शिकारी यावर चिडतात. मला त्यांचा राग कळतो, पण गिधाडाची बाजू अधिक भक्कम वाटते.

अडचण भरणाऱ्याची आहे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. म्हणजे त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला आट्यांचा पीळ जास्त लागतो, आणि जुन्या रायफलीचा पीळ आहे तेवढाच असतो. पुंगळीत ती जास्त खोल बसते, दारूची जागा खाते, दाब वाढवते. म्हणून वजन उतरवायचं: शिशाची १८० ग्रेनची असेल तर तांब्याची १५० किंवा १६५ ची घ्यायची. ती तुटत नाही, वजन जवळपास सगळं टिकवते, त्यामुळे आत तितकीच खोल जाते. पण संथ झाली तर फुलत नाही, आणि संथ भरण्याची मला लागलेली सवय इथे आडवी येते. शिशासाठी काढलेले सगळे आकडे बाजूला ठेवून पुन्हा सुरुवातीच्या वजनापासून चढत जाण्याचं काम सध्या चालू आहे.

यातच मध्यंतरी एका ओळखीच्या माणसानं काडतुसांचा डबा आणून दिला. त्याच्या काकांनी भरलेली, .३०-०६, झाकणावर पेन्सिलीनं एक अक्षर आणि एक आकडा. अक्षर दारूचं असेल किंवा गोळीच्या कारखान्याचं, आकडा ग्रेन असेल किंवा तारीख. ‘काका फार काटेकोर होते,’ तो म्हणाला. असतीलही. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस रायफलीत घालायचं नाही, हा या नादातला एकच नियम आहे ज्यावर मॅग्नमवाले आणि मी एकमत आहोत. गोळी ओढायचा प्लास्टिकचा हातोडा असतो. काडतूस त्यात उलटं अडकवून दणकन आपटायचं की गोळी आणि दारू पुढच्या पोकळीत पडते. गोळ्या चांगल्या आहेत, त्या सरावाला चालतील. दारू कोणती ते माहीत नाही, म्हणून ती थोडी थोडी करून उघड्यावर जाळायची. पुंगळ्या पेपरक्लिपनं तपासायला घेतल्या आहेत. अर्ध्याअधिक चेपाव्या लागल्या.